पडणाऱ्या उमेदवाराचा हिशेब

22 जुलै 2008 रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर बोलताना राहुल गांधींनी कलावती हे नाव घेतले आणि मारेगाव तालुक्यातले जळका हे गाव एका दिवसात देशभर पोहोचले. अणुकरारावरून मनमोहन सिंग सरकारचा कस लागला होता. ऊर्जेची गरज सांगायला घरात वीज नसलेल्या विधवेचा दाखला हवा होता आणि तो कलावती बांदुरकर यांच्या घरात सापडला. पती परशुराम यांनी 2005 साली कर्जापायी जीव दिलेला, पाठीमागे मोठे कुटुंब. पुढे 15 वर्षांनी, 9 ऑगस्ट 2023 रोजी, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी हेच नाव पुन्हा घेतले. घर, वीज, गॅस कलावतीला कोणी दिले, तर मोदी सरकारने, असा त्यांचा दावा होता. कलावतीबाईंनी पत्रकारांसमोर तो दावा खोडून काढला. पण त्यांचे म्हणणे गावातल्या अंगणात उभ्या कॅमेऱ्यांपुढे नोंदले गेले, सभागृहात नाही.

या दोन भाषणांच्या मधे एक गोष्ट घडली होती. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत कलावतीबाईंना वणी मतदारसंघातून उभे करण्याची घोषणा झाली. पुढाकार विदर्भ जनआंदोलन समितीचा होता. वणी, मारेगाव आणि झरी जामणी हे तीन तालुके मिळून हा मतदारसंघ होतो, म्हणजे जळका त्यातच येते. पण अखेरीस त्या रिंगणात राहिल्या नाहीत. काँग्रेसचे वामनराव कासावार निवडून आले आणि ती घोषणा लोक विसरून गेले.

मला ती विसरता येत नाही. कलावतीबाई लढल्या असत्या तर जिंकल्या असत्या, असे वणीत कोणीही म्हणणार नाही. मग न लढल्याने काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर जिंकण्याची सुतराम शक्यता नसलेल्या उमेदवाराचे यश कशाने मोजायचे, इथपासून सुरुवात करावी लागते.

कायद्याकडे एक माप तयार आहे. पडलेल्या उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते पडली तर अनामत परत, नाहीतर जप्त. पहिल्या निवडणुकीत लोकसभेची अनामत 500 रुपये होती. आज ती 25 हजार आहे, विधानसभेची 10 हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातून 8,360 उमेदवार उभे होते आणि त्यांपैकी सात हजारांहून अधिक जणांनी अनामत गमावली. अपक्ष 3,900 च्या वर होते, निवडून आले सात. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, बाकीच्यांना दहा लागतात. प्रचाराला किमान 14 दिवस मिळतात. एवढ्या वेळात उकणीच्या खाणीपासून झरीच्या कोलाम पोडापर्यंत पोहोचायचे. गाडी, डिझेल, पोरे, पत्रके सगळे पदरचे.

आणि इतके करून टपरीवर ऐकायचे काय, तर "येणार थोडीच हाये, मत काऊन वाया घालवाचं?"

हे वाक्य बोलणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्याकडे एकच मत असते आणि ते कुठे कामी येईल याचा तो विचार करत असतो. म्हणून त्याला "नैतिक विजय" वगैरे शब्द ऐकवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पराभव हा पराभव असतो. मात्र जिंकल्यावर मत कामी येतेच, हे गृहीत धरण्याआधी वणीकरांनी आपल्याच गावच्या एका माणसाकडे पाहावे.

लोकनायक बापूजी अणे. माधव श्रीहरी अणे यांचा जन्म 29 ऑगस्ट 1880 चा, वणीचा. टिळकांचे अनुयायी, पुढे बिहारचे राज्यपाल. वेगळा विदर्भ हा त्यांच्या उत्तरायुष्याचा ध्यास होता. 1955 साली राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे अशी शिफारस केली, तेव्हा तो ध्यास आवाक्यात आल्यासारखा वाटला असेल. पण 1956 मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि 1 मे 1960 पासून महाराष्ट्रात. यानंतर दोनच वर्षांनी, 1962 च्या लोकसभा निवडणुकीत, 81 वर्षांचे अणे विदर्भाच्या प्रश्नावर काँग्रेसविरुद्ध नागपूरमधून अपक्ष उभे राहिले. मागे सत्ताधारी पक्षाचे यंत्र नाही, समोर नेहरूंची काँग्रेस, आणि मागणी अशी की जिचा निकाल सरकारने नुकताच लावून टाकलेला. अशा लढतीत ते निवडून आले.

टपरीवरच्या हिशेबाने पाहिले तर यापेक्षा मोठे यश नाही. मत वाया गेले नाही, माणूस दिल्लीत पोहोचला. विदर्भ मात्र झाला नाही. 26 जानेवारी 1968 रोजी अणे गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि ज्या एका गोष्टीसाठी नागपूरकरांनी त्यांना मत दिले होते ती होती तिथेच राहिली. पुढे 1971 मध्ये यवतमाळच्या जांबुवंतराव धोटेंनी हेच पुन्हा करून दाखवले. इंदिरा लाटेत काँग्रेसने महाराष्ट्र जवळजवळ झाडून नेला, त्या वर्षी फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर धोटे नागपूरमधून जिंकले. 1980 मध्ये ते पुन्हा जिंकले, पण इंदिरा काँग्रेसकडून. सिंहासारखा गरजणारा हा नेता आयुष्याच्या शेवटी स्वतःचा छोटा पक्ष घेऊन त्याच मागणीवर परत आला होता.

मग कोणी म्हणेल, खुर्ची सोडा, आपली मागणी मोठ्या पक्षाच्या तोंडी बसली की झाले, तेच खरे यश. विदर्भाने हेही पाहिले आहे. 1997 साली भुवनेश्वरच्या बैठकीत भाजपने स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला. अण्यांची मागणी अपक्षाच्या पत्रकातून राष्ट्रीय पक्षाच्या ठरावात गेली. 2014 मध्ये केंद्रात आणि राज्यात त्याच पक्षाची सत्ता आली आणि विदर्भ मागे पडला. 2016 मध्ये बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांना विदर्भ-मराठवाड्याबद्दलच्या विधानांवरून उठलेल्या वादळात महाधिवक्तापद सोडावे लागले. मागणी उचलून धरणारा पक्ष तिला सोयीप्रमाणे खाली ठेवू शकतो, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

म्हणजे मते, खुर्ची आणि मोठ्या पक्षाची दखल, या तिन्ही मापांनी आपल्याला दगा दिलेला आहे. म्हणून पडलेल्यांकडे बारकाईने पाहायला हवे.

वणी विधानसभा चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात येते आणि या मतदारसंघाने वामनराव चटपांना दोनदा भरभरून मते देऊन दोन्ही वेळा पाडले. शेतकरी संघटनेत घडलेला हा माणूस, राजुऱ्याचा माजी आमदार. 2009 मध्ये त्यांना 1 लाख 69 हजारांच्या आसपास मते पडली, तिसरा क्रमांक. 2014 मध्ये आम आदमी पक्षाकडून 2 लाखांच्या वर, पुन्हा तिसरा. मोदी लाटेत, नव्या पक्षाच्या झाडूवर, एक षष्ठांशाच्या वर मते घेणे साधे नाही. ही मते जातीच्या गणितातून किंवा पैशातून आलेली नव्हती. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या, शरद जोशींची भाषणे ऐकत तरुण झालेल्या पिढीचे ते मत होते. मला त्यातली सर्वात मोलाची गोष्ट वाटते ती आकड्याच्या पलीकडची. चटप 2014 नंतरही विदर्भ राज्य आंदोलन समितीच्या धरण्यांवर, निवेदनांवर, मोर्चांत दिसत राहिले. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी ते कुठे सापडतील, हे त्यांच्या मतदाराला माहीत होते.

उलट बाजूचे उदाहरणही सांगायला हवे, कारण पडणारा प्रत्येक उमेदवार आदराला पात्र नसतो. 2014 मध्ये रायगडात सुनील तटकरे अनंत गीतेंकडून 2,110 मतांनी हरले. त्याच यंत्रावर सुनील तटकरे नावाचा एक अपक्ष होता आणि त्याला साडेनऊ हजारांहून अधिक मते मिळाली. मतदाराला चकवण्यासाठी नावाचा वापर झाला की लोकशाहीचा सगळा व्यवहार गढूळ होतो. "अमक्याने उभा केला", "मते खायला बसवला" हा संशय मग खऱ्या, तळमळीच्या उमेदवाराच्याही वाट्याला येतो. 2019 मध्ये वंचित बहुजन आघाडीला हे पदोपदी ऐकावे लागले. चंद्रपुरात त्यांच्या राजेंद्र महाडोळेंनी 1 लाख 12 हजारांच्या आसपास मते घेतली आणि तरीही काँग्रेसचे बाळू धानोरकर जिंकले. राज्यात त्या वर्षी काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा. तेव्हा "मते खाल्ली" म्हणताना ती मते मुळात कोणाच्या मालकीची होती, हे आधी सांगावे लागेल. कोणत्याही पक्षाकडे मतांचा सातबारा नसतो.

काही वेळा उमेदवारी हीच मागणी असते. 1996 मध्ये बेळगाव लोकसभा मतदारसंघात 456 उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष जावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने मराठी माणसांना घाऊक अर्ज भरायला लावले होते. मतपत्रिकेची चादर झाली, बातम्या झाल्या, बेळगाव मात्र कर्नाटकातच राहिले. पुढे अनामत वाढली आणि सूचकांची अट आली. वणीपासून फार लांब नसलेल्या निजामाबादेत 2019 मध्ये हळद उत्पादकांनी हीच वाट धरली. एकूण 185 उमेदवार, बहुतेक सगळे शेतकरी. निवडणूक आयोगाला एकेका केंद्रावर मतदान यंत्राची 12 एकके जोडावी लागली. तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची कन्या असलेल्या खासदार कविता पडल्या, हळद मंडळाचे आश्वासन देणारे भाजपचे अरविंद आले आणि जानेवारी 2025 मध्ये निजामाबादेत राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. बेळगाव आणि निजामाबाद यांतला फरक मला असा दिसतो की हळदीच्या शेतकऱ्यांची मागणी एका सरकारला एका सहीने पुरी करता येण्यासारखी होती आणि निकालानंतरही त्यांनी विजयी उमेदवाराचा पिच्छा सोडला नाही.

या सगळ्यांत विदर्भाच्या मातीवर घडलेला सर्वात थोर पराभव 1954 चा, भंडाऱ्याचा. बाबासाहेब आंबेडकर 1952 मध्ये उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकरांकडून साडेचौदा हजारांच्या आसपास मतांनी हरले होते. दोन वर्षांनी भंडाऱ्याची पोटनिवडणूक लागली. तो दुहेरी मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला दोन मते, एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. कार्यकर्त्यांनी सुचवले, की आपल्या लोकांनी एकच मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे, म्हणजे दुसऱ्या कोणाचा फायदा होणार नाही. ज्यांनी घटना लिहिली त्यांनी मत कुजवायला नकार दिला, अशी त्या निवडणुकीची आठवण आजही सांगितली जाते. निकाल लागला तेव्हा सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता निवडून आले आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसच्या उमेदवाराकडून आठ हजारांहून थोड्या जास्त मतांनी पडले. ज्याच्याशी हातमिळवणी केली तो जिंकला, स्वतः हरले. पण शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या त्या मतदाराने दोन्ही मते कशी वापरायची हे शिकून घेतले होते. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीत याच शिस्तीने मते फिरली आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. बाबासाहेब ते पाहायला नव्हते.

माझ्या लेखी मापाची खूण इथे आहे. भंडाऱ्यात उमेदवार पडला, पण त्याच्या मतदाराला काही येऊ लागले होते, आणि ते पुढच्या निवडणुकीत दुसऱ्या मतदारसंघात दुसऱ्या उमेदवाराच्या उपयोगी पडले. पडलेल्या उमेदवाराने मागे काय ठेवले, हे विचारायचे ते या अर्थाने.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण आयोजकांनी मागे घेतले, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला, आणि उद्घाटनाला उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. अंगणवाडी मदतनीस. पतीने 2011 मध्ये आत्महत्या केलेली. शेतकरी विधवांनी रंगमंचावर आणलेल्या 'तेरवं' या नाटकात त्या काम करत. अध्यक्षा अरुणा ढेरे यांच्या शेजारी उभे राहून त्या बोलल्या आणि तीन महिन्यांनी, 11 एप्रिलच्या मतदानासाठी, यवतमाळ-वाशिममधून प्रहार जनशक्ती पक्षाच्या उमेदवार झाल्या. वणीच्या मतदाराला त्यांना मत देता येत नव्हते, कारण जिल्हा एक असला तरी लोकसभा वेगळी.

त्यांना 20 हजारांहून थोडी अधिक मते मिळाली. भावना गवळींना 5 लाख 42 हजार. अनामत अर्थात गेली. शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या भागात, नवरा त्याच आगीत गमावलेल्या बाईला शंभरातली दोन मतेही पडली नाहीत, हे वाचून मला फार वाईट वाटले होते. आजही वाटते. तरी मी त्या उमेदवारीला अपयश म्हणायला तयार नाही. 2008 मध्ये जळक्याच्या बाईचे नाव दुसऱ्याने घेतले, त्याच्या मुद्द्यासाठी. 2019 मध्ये राजूरच्या बाईने स्वतःचे नाव स्वतः यंत्रावर लावले, फोटोसकट, आणि खासदारांच्या बरोबरीने गावोगाव मत मागितले. मदतीचा धनादेश देताना काढलेल्या फोटोत विधवा मान खाली घालून उभी असते. मत मागणारी बाई मान वर करून मागते आणि नकार आला तर तोही मतदाराच्या तोंडावर ऐकून घेते. सहानुभूतीच्या जागेवरून हक्काच्या जागेवर येणे ते हेच. कलावतीबाईंच्या बाबतीत वणीने ही संधी गमावली. त्या उभ्या राहिल्या असत्या आणि अगदी हजार मते घेऊन पडल्या असत्या, तरी 2023 मध्ये त्यांच्या घरातल्या विजेबद्दल दुसरे कोणी बोलायला उठले असते तेव्हा, "मी तुमच्याविरुद्ध निवडणूक लढवलेली बाई आहे," असे त्यांना म्हणता आले असते.

हे मात्र यशाचे पहिलेच पाऊल. नाव लागले, भाषणे झाली, पडलो, घरी गेलो, एवढ्यावर थांबणाऱ्याला मी यशस्वी म्हणणार नाही. त्याच्यासाठी एक कागद आहे, तो त्याने वाचला पाहिजे. निकालानंतर निवडणूक अधिकारी नमुना 20 तयार करतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते छापलेले असते आणि तो कोणालाही पाहता येतो. वणी मतदारसंघात तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. लहान उमेदवाराचा रकाना वरून खाली वाचत जा. शून्य, दोन, एक, चार, शून्य, आणि मधेच कुठेतरी 61. हे 61 कुठून आले? तिथे त्याचे नातलग असतील, किंवा खाणीत जमीन गेलेल्या ज्या कुटुंबांच्या मोबदल्यासाठी तो कंपनीच्या दारात बसला होता ती कुटुंबे असतील, किंवा एखादी शाळामास्तरीण असेल जिने त्याचे पत्रक घरोघर वाचून दाखवले. शून्याच्या केंद्रांवर त्याचा पोलिंग एजंट तरी होता का? बहुतेक वेळा नसतो. एजंट म्हणजे बूथवर एक आपला माणूस, मॉकपोल पाहणारा, मतदार ओळखणारा, संध्याकाळी 17-क चा कागद हातात घेऊन परतणारा. ज्या उमेदवाराने पहिल्या निवडणुकीत 20 बूथवर असे लोक बसवले आणि पुढच्या वेळी 80 वर, त्याची मते वाढली नसली तरी तो पुढे गेला आहे. ज्याला 61 वाल्या गावात निकालानंतर जाऊन "तुमचे ते काम कुठवर आले" असे विचारावेसे वाटले नाही, तो 50 हजार मते घेऊनही तिथेच आहे.

संजय देरकरांचे उदाहरण इथे कोणीतरी काढेल. 2019 मध्ये ते वणीतून अपक्ष लढून तिसरे आले, 25 हजारांच्या आसपास मते घेऊन. 2024 मध्ये ठाकरेंच्या शिवसेनेकडून त्यांनी दोन वेळचे आमदार संजीवरेड्डी बोदकुरवार यांना 15 हजारांहून अधिक मतांनी हरवले. चिकाटीचे फळ मिळते, हे खरे. पण ते राजकारणातले मुरलेले नाव होते आणि आघाडीची जागा त्यांना मिळाली. ज्याला कधीच अशी जागा मिळणार नाही, त्याचा प्रश्न यातून सुटत नाही, आणि हा लेख त्याच्यासाठी आहे.

वणीच्या रस्त्यांवर कोळशाची धूळ बसलेली आहे, कापसाच्या भावाचे गाऱ्हाणे दर हंगामात तेच आहे, झरीच्या पोडांवर पाण्याची वणवण आहे. यांपैकी एखादा प्रश्न घेऊन पुढच्या निवडणुकीत कोणीतरी न येणारा उमेदवार तुमच्या दारात उभा राहील. निवडून येणार का, हे त्याला विचारू नका, त्याचे उत्तर तुम्हाला आणि त्याला दोघांनाही ठाऊक आहे. मोजणीच्या दुसऱ्या दिवशी कुठे भेटाल, ते विचारा. उत्तर पटले नाही तर खुशाल दुसऱ्याला मत द्या. पटले, तर मत देऊन थांबू नका. आपल्या बूथसाठी त्याच्याकडे माणूस नसेल, तर नमुना 10 वर त्याची सही घ्या आणि त्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन बसा.